गाव कुणाच्या बाजूचे? बूथचे आकडे वाचण्याची रीत

मतमोजणीच्या शेवटच्या फेऱ्या संपायच्या आत गावाचा हिशेब कार्यकर्त्यांच्या तोंडी असतो: पेठ ऐंशीने प्लस, मळे बरोबरीत, वरची वाडी मायनस. हा हिशेब बहुतेक वेळा खरा असतो. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकतो, कारण लीड म्हणजे दोन आकड्यांची नुसती वजाबाकी. कोण फिरले, कोण पहिल्यांदाच आले आणि कोण घरीच बसले, यातले काहीही त्या वजाबाकीत दिसत नाही. दहा-पंधरा हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावाचा कल समजून घ्यायचा असेल तर बूथचा आकडा कुठून येतो, त्यात काय असते आणि काय नसते, हे आधी पाहायला हवे.

आकडे येतात कुठून

दोन कागद महत्त्वाचे. पहिला नमुना १७-क. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्याची प्रत हजर असलेल्या पोलिंग एजंटला देतो. यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली एवढेच त्यात कळते, कुणाला किती ते नाही. दुसरा नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक. यात प्रत्येक ओळ एका मतदान केंद्राची असते. पुढे उमेदवारनिहाय मते, एकूण वैध मते, नोटा आणि प्रदत्त मते असे रकाने. (तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल तर तुम्हाला मतपत्रिका देतात, ते प्रदत्त मत. ते मोजणीत धरत नाहीत.) नमुना २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय मिळतो. लोकसभेचा हवा असेल तर आपल्या विधानसभा क्षेत्राचा भाग शोधावा लागतो.

कागद हातात आला की पहिली अडचण समोर येते. बरेच नमुने स्कॅन केलेले असतात, त्यामुळे आकडे हाताने उतरवावे लागतात. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात आद्याक्षरांचा क्रम. नमुना २० चे रकानेही त्याच क्रमाने लागतात. त्यामुळे मागच्या वेळी दुसऱ्या रकान्यात असलेला पक्ष या वेळी चौथ्यात जातो आणि घाईत उतरवणारा माणूस गावाचे लीडच उलटे करून बसतो. प्रत्येक ओळीची बेरीज एकूण मतांशी जुळवल्याशिवाय पुढच्या ओळीकडे जाऊ नये.

टपाली मते बूथच्या ओळीत नसतात, त्यांची बेरीज शेवटी वेगळी येते. सैनिक, निवडणूक कामावरचे कर्मचारी, घरून मत देणारे ८५ वर्षांवरील आणि दिव्यांग मतदार या खात्यात जातात. सैन्यात आणि शिक्षकी पेशात बरीच घरे असलेल्या गावात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, पण तो गावनिहाय फोडता येत नाही. एखाद्या बूथसमोर शून्य दिसले तरी दचकू नका. मॉक पोलची (मतदानाआधी यंत्र तपासायला टाकलेली) मते पुसायची राहिली किंवा यंत्राचा आकडा १७-क शी जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात, आणि विजयाचे अंतर त्या केंद्रातल्या मतांपेक्षा मोठे असेल तर ते मोजायची गरज पडत नाही.

बूथ म्हणजे प्रभाग नव्हे

बहुतेक घोळ इथे होतो. बूथ हा मतदार यादीच्या एका भागाला जोडलेला असतो. एका केंद्रावर जास्तीत जास्त १५०० मतदार ठेवत असत, २०२५ मध्ये आयोगाने ही मर्यादा १२०० वर आणली. मर्यादा बदलली की केंद्रे वाढतात, याद्या फुटतात आणि क्रमांक सरकतात. मागच्या निवडणुकीतला २१४ क्रमांकाचा बूथ आणि आताचा २१४ हे एकाच आळीचे असतील असे गृहीत धरू नये.

खात्री करायची ती यादीच्या पहिल्या पानावरून. तिथे भागात येणारे विभाग (आळी, गल्ली, मळा, वस्ती), केंद्राची शाळा आणि खोली, पुरुष, स्त्री व तृतीयपंथी मतदारांची संख्या असे सगळे छापलेले असते. दोन्ही निवडणुकांची ही पहिली पाने शेजारी ठेवा. विभाग तेच असतील तरच बूथची बूथशी तुलना करा. एक बूथ फुटून दोन झाले असतील तर दोन्हींची बेरीज करून जुन्याशी लावा. चार विभाग इकडचे तिकडे गेले असतील तर बूथ सोडा, अख्ख्या गावाची बेरीज घ्या. आणखी मागे जायचे असेल तर २००९ ही भिंत आहे. २००८ च्या परिसीमन आदेशाने मतदारसंघच नवे आखले गेले, आणि तुमचे गाव त्याआधी वेगळ्या मतदारसंघात, वेगळ्या उमेदवारांसमोर उभे असण्याची शक्यता असते.

नगरपंचायतीचे प्रभाग तर आणखी निराळे. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण ती प्रभागांच्या हद्दीप्रमाणे फोडतो. एका बूथची माणसे तीन प्रभागांत विखुरतात, आणि विधानसभेच्या त्याच बूथवर नगरपंचायत हद्दीबाहेरची एखादी वाडीही असते. ‘प्रभाग सातने विधानसभेला काय केले’ या प्रश्नाला त्यामुळे सहसा सरळ उत्तर नसते, आणि कुणी ते छातीठोकपणे दिले तर त्याने अंदाज केला आहे असे समजावे.

वजाबाकी फसवते कशी

एक कल्पित बूथ घेऊ. यादीत १०५० नावे, आणि यादी दोन्ही निवडणुकांत तीच.

लोकसभेला ६२० मते पडली: क पक्ष ३३०, ख पक्ष २५०, इतर ३२, नोटा ८. क ला ८० चे लीड.
सहा महिन्यांनी विधानसभेला ७३५ मते पडली: क पक्ष ३२५, ख पक्ष ३७२, इतर ३३, नोटा ५. ख ला ४७ चे लीड.

पारावरचा निष्कर्ष तयार असतो: ऐंशीचे लीड तुटले, वर सत्तेचाळीस गेले, म्हणजे सव्वाशे मतांचा फेर, लोक फिरले. टक्केवारी काढणाराही तेच सांगेल. झालेल्या मतदानात क चा वाटा ५३.२ वरून ४४.२ टक्क्यांवर आला, म्हणजे नऊ टक्क्यांची घसरण.

आता तेच आकडे पडलेल्या मतांऐवजी यादीतल्या १०५० नावांवर मोजा. क पक्ष ३१.४ टक्क्यांवरून ३१.० वर. जवळजवळ जिथल्या तिथे. ख पक्ष मात्र २३.८ वरून ३५.४ वर. मतदान ५९ टक्क्यांवरून ७० वर गेले, ११५ मते जास्त पडली, आणि ख ची वाढ आहे १२२. क ची पाच आणि नोटाची तीन मते कमी झाली. एवढे आकडे जुळायला कमीत कमी आठ मते हलली तरी पुरते, बाकी सगळे नव्याने आलेल्यांचे असू शकते.

असू शकते, असेलच असे नाही. क कडून साठ जण ख कडे गेले आणि घरी बसलेले क चे पंचावन्न जण या वेळी आले, तरी तक्ता हाच दिसेल. बूथचा कागद खालची मर्यादा सांगतो, खरा प्रवास सांगत नाही. पण कार्यकर्त्याच्या दृष्टीने दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क ने माणसे गमावली असतील तर नाराजी शोधावी लागते. ख ने फक्त माणसे बाहेर काढली असतील तर क ला आपल्या घरी बसलेल्यांची यादी काढावी लागते. म्हणून दोन्ही टक्केवाऱ्या काढायच्या, पडलेल्या मतांवरची आणि यादीवरची, आणि दोन्ही एकाच दिशेने ठळकपणे हलल्या तरच ‘बूथ फिरला’ म्हणायचे.

यादीवर मोजण्यात एक खोट आहे. यादीत मयतांची नावे असतात, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली असतात, पुण्या-मुंबईत राहणारे आणि नाव गावात ठेवलेले असतात. १०५० पैकी ९० जण गावातच नसतील तर ७३५ म्हणजे ७० नव्हे, ७६ टक्क्यांच्या वर मतदान झाले. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी गैरहजर, स्थलांतरित व मयत मतदारांची यादी तयार करतो. तिच्यावरून हा भाग किती मोठा आहे याची कल्पना येते.

महिनाही बघावा लागतो. २०२४ ची लोकसभा महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे अशी पाच टप्प्यांत झाली, विधानसभा २० नोव्हेंबरला. ऊसतोडीच्या टोळ्या साधारण दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बीडसारख्या जिल्ह्यात तांड्यावरच्या बूथचे मतदान कमी झाले तर आधी कॅलेंडर बघा, मग उदासीनतेवर भाष्य करा.

तेच मतदार, वेगळी निवड

बारामतीचे २०२४ हे उदाहरण कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते. लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळेंना सुमारे ४८ हजारांचे मताधिक्य होते. त्याच क्षेत्रातून सहा महिन्यांनी अजित पवार एक लाखाहून जास्त मतांनी आमदार झाले. राज्यभरही तसेच: लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला, विधानसभेत एकट्या भाजपला १३२ जागा. मतदान सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेले, पण बारामतीसारख्या उलथापालथी नुसत्या वाढलेल्या मतदानाने समजत नाहीत. तिथे लोकांनी दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरा माणूस निवडला, आणि त्यात त्यांना विसंगती वाटली नाही.

मधल्या काळात लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये खात्यावर येऊ लागले. तिचा परिणाम झाला नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. पण आपल्या बूथवर किती झाला, हे नमुना २० सांगू शकत नाही. किती बायकांनी मत दिले हे दुसऱ्या नोंदींवरून कळू शकते, कुणाला दिले हे कळायला मार्ग नाही.

कल शोधायचा तर तुलना सारख्याची सारख्याशी हवी. लोकसभा २०१४, २०१९, २०२४ एका ओळीत, विधानसभा दुसऱ्या ओळीत. पक्ष मात्र नावावर जाऊन जोडू नका. २०१९ ची शिवसेना भाजपबरोबर युतीत होती. २०२४ ला ती दोन चिन्हांवर, एकमेकांविरुद्ध होती. राष्ट्रवादीचेही तसेच. २०१९ ला युतीच्या उमेदवाराला पडलेले मत भाजपचे की सेनेचे, हे बूथवर वेगळे करता येत नाही. २०१४ ला विधानसभेत चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले होते. प्रत्येकाचे खरे घरचे मत किती, याचा अंदाज घ्यायला तो निकाल अजूनही उपयोगी पडतो, जुना झाला असला तरी.

गावकीची निवडणूक वेगळ्या गणिताची

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही. दोन पॅनेल उभी राहतात, आणि दोन्ही एकाच आमदाराची असणे मुळीच दुर्मीळ नाही. निकालाच्या संध्याकाळी सगळ्या पक्षांचे दावे मिळवले तर सरपंचांची संख्या गावांपेक्षा जास्त भरते. ज्या प्रभागात निवडणूक बिनविरोध झाली तिथे तर मतेच नाहीत, त्यामुळे कल काढायला काही उरत नाही. ग्रामपंचायतीच्या निकालावरून विधानसभेचे भाकीत करणाऱ्याला आम्ही फारसे गांभीर्याने घेत नाही.

नगरपंचायत चिन्हावर होते, म्हणून जास्त बोलकी, पण तिलाही जपून वाचावे लागते. १७ जागा, प्रत्येक प्रभागाला एक सदस्य. १२ हजार लोकवस्ती असेल तर प्रभागाला सातशे माणसे, मतदार पाचशेच्या आसपास. एवढ्या लहान प्रभागात एकेका भावकीची पन्नास-साठ मते निकाल ठरवतात. १७ पैकी ११ जागा जिंकलेला पक्ष एकूण मतांत दुसऱ्याच्या मागे असू शकतो: अकरा जागा वीस-वीस मतांनी आल्या आणि सहा जागा दीडशे-दीडशेने गेल्या की गणित तसेच होते. जागा मोजू नका, मते मोजा. आणि ती मोजतानाही पक्षाने किती प्रभागांत उमेदवार दिले होते हे पाहा. अकरा प्रभागांत लढलेल्याची टक्केवारी सतरा प्रभागांवर काढली तर तो उगाच दुबळा दिसतो.

इथे नगराध्यक्षाचे मत कामाला येते. थेट निवडणुकीत मतदार नगरपंचायतीला दोन मते देतो, एक नगराध्यक्षाला आणि एक सदस्याला. नगराध्यक्षाला मिळालेली मते आणि त्याच पक्षाच्या सतरा सदस्य-उमेदवारांची बेरीज, यांतला फरक प्रभागवार काढा. नगराध्यक्ष पुढे असेल तर माणूस चालला. सदस्य पुढे असतील तर भावकी आणि गल्लीतले संबंध चालले, चिन्ह नव्हे. ज्या प्रभागात फरक सर्वांत मोठा, तिथे कुणीतरी ‘वरचे तुमचे, खालचे आमचे’ असा सौदा केलेला असण्याची शक्यता जास्त. नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. त्यामुळे गावाच्या मागच्या निवडणुकीत हा आकडा उपलब्ध असेलच असे नाही.

बाजार समिती, विकास सोसायटी, कारखाना, जिल्हा बँक या निवडणुका तालुक्याच्या पुढाऱ्यांची ताकद दाखवतात, मतदाराचा कल दाखवत नाहीत. बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी ११ सोसायटी गटातून आणि ४ ग्रामपंचायत गटातून येतात. मतदार असतात सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य, दोन व्यापारी आणि एक हमाल-मापारी प्रतिनिधी सोडला तर. शेतात राबणाऱ्या माणसाने तिथे मत दिलेलेच नसते.

जातीचा हिशेब किती खरा

‘अमक्या समाजाने एकगठ्ठा दिले’ हे वाक्य प्रत्येक निकालानंतर येते. ते कधी म्हणता येते आणि कधी नाही, याची सोपी तपासणी आहे.

समजा बूथवर पडलेल्या १०० मतांपैकी ८५ एका समाजाची होती आणि उमेदवाराला ८० मिळाली. ज्या २० जणांनी त्याला मत दिले नाही ते सगळे याच समाजाचे धरले, तरी ८५ पैकी ६५ उरतात, म्हणजे ७६ टक्के. उरलेल्या पंधरांपैकी एकानेही दिले नाही असे धरले तर ८५ पैकी ८०, म्हणजे ९४ टक्के. खरे उत्तर ७६ ते ९४ च्या मध्ये कुठेतरी, आणि मोठा कल होता हे ठामपणे म्हणता येते. आता समाज ४० टक्के आणि उमेदवाराला मते ४० टक्के, असे घ्या. त्या समाजाचे सगळे त्याच्याकडे गेले असतील, किंवा एकही नसेल. दोन्ही शक्य. मिश्र वस्तीच्या बूथवरून, आणि तालुक्याच्या गावातले बहुतेक बूथ मिश्र असतात, समाजाबद्दल काहीच सांगता येत नाही. आकडे सारखे दिसतात म्हणून जोडले जातात, एवढेच.

शिवाय ८५ हा आकडा यादीतल्या आडनावांवरून काढलेला असतो. एकच आडनाव तीन-तीन समाजांत सापडते, आणि यादीत ८५ टक्के असलेला समाज रांगेत ८५ टक्के असतोच असे नाही.

इतरांचा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०२४ च्या लोकसभेत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी मिळत्याजुळत्या तुतारी चिन्हावर उभ्या अपक्षाला साताऱ्यात विजयाच्या अंतरापेक्षा जास्त मते पडली. दिंडोरीत तर विजयी उमेदवाराच्याच आडनावाच्या अपक्षाने लाखाच्या वर मते घेतली. ज्या बूथवर अनोळखी अपक्षाला अचानक तीस-चाळीस मते दिसतात तिथे आधी त्याचे चिन्ह आणि नाव बघायचे.

बूथचा आकडा कुणाला कळतो

जो आकडा आपण अभ्यासासाठी उघडतो तोच पुढाऱ्याच्या हातीही असतो. चारशे मतदारांच्या वाडीला स्वतंत्र बूथ असेल तर वाडीने कुणाला दिले हे उघडच होते, आणि पुढच्या पाच वर्षांत रस्ता कुठे आधी होणार यावर त्याची सावली पडते. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियमांतल्या ५९-अ नियमाने मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. यंत्रांसाठी अशीच सोय असलेले टोटलायझर निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. ते लागू झालेले नाही. म्हणून बूथनिहाय विश्लेषण गावात मांडताना छोट्या वाड्यांचे आकडे शेजारच्या बूथमध्ये मिळवून दाखवावेत. विश्लेषणाचे फारसे काही बिघडत नाही, माणसांचे बिघडू शकते.

काम सुरू करायचे असेल तर एका गावासाठी तीन लोकसभा आणि तीन विधानसभा पुरतात. प्रत्येक बूथला एक ओळ. रकाने असे: शाळेचे नाव व खोली, यादीतील विभाग, यादीतील संख्या, झालेले मतदान, पहिल्या दोन पक्षांची मते, इतर, नोटा, मग यादीवरची टक्केवारी. केंद्र क्रमांक लिहा, पण ओळी जुळवताना त्यावर विसंबू नका. आणि मतदार याद्यांची पहिली पाने आजच उतरवून ठेवा, कारण नवी यादी प्रसिद्ध झाली की जुनी मिळवायला धावपळ होते, आणि त्या पानाशिवाय नमुना २० मधला आकडा नेमक्या कुठल्या आळीचा हे कुणालाच सांगता येत नाही.